मास्तर कोट का काढत नाही

दवाखान्यात बाळाच्या लसीसाठी बसले होते. बाळाचा डोळा लागला, म्हणून शेजारच्या मायलेकींचं बोलणं ऐकता आलं. लेक कादंबरीवरचं उत्तर पाठ करत होती. आई शिवणकाम करणारी. इथेही कुणाच्या तरी पँटला टाके घालत होती.

“‘मास्तर अहंकारी आहे. मेजवानीत सगळे कोट काढतात, तो काढत नाही.’”

“उकडत असूनही?”

“घामाने निथळतोय नुसता.”

“मग कसला अहंकार? आत सदरा फाटका असणार. येतात की माझ्याकडे असे, नुसती कॉलर नि कफ नवे लावून द्या म्हणतात.”

“आई, गाइडमध्ये अहंकारीच लिहिलंय.”

“गाइडवाल्याकडे दोन सदरे असतील. आणि तू गं? सहलीला नाही म्हणालीस, ते का?”

“वर्गातली मुलं बालिश आहेत.”

“सगळी?”

“निम्मी.”

“खरं सांगू? तू नको म्हणालीस, तेव्हा खर्च वाचला म्हणून मला हायसं वाटलं होतं.”

“माहीत होतं मला.”

“मोठी शहाणी! नाव कधीपर्यंत द्यायचंय?”

“आज पाचपर्यंत.”

“मग बसलीस काय? ऊठ, पळ. माझा खोकला मला एकटीला दाखवता येतो.”