गिरणीपुढचे सात जण

(केप ब्रेटनमधल्या एका कोळीगावचं वाचनालय. गावाचे जुने फोटो संगणकावर चढवायचे आहेत. त्याआधी इतरांनी हे काम कसं केलंय, ते ग्रंथपाल नदीन आणि मदतीला आलेल्या ऐंशीच्या फ्लोराबाई पाहताहेत.)

नदीन : हा संग्रह बाद. नुसतं 'जुनं घर', 'जुनी होडी' असं लिहून ठेवलंय. कुणाचं, कधीचं, काही पत्ता नाही.

फ्लोराबाई : आणि फोटो टपाल तिकिटाएवढे. पुढचा दाखव.

नदीन : हा दुसऱ्या प्रांतातल्या, न्यू ब्रन्स्विकमधल्या एका लाकूडगिरणीच्या गावाचा. बघा, कसा छान मोठा होतो. फोटोची मागची बाजूसुद्धा लावलीय. आपणही असंच करू या.

फ्लोराबाई : थांब पोरी. मागे घे. ती गिरणीपुढची माणसं.

नदीन : हे सात जण? ऑगस्ट १९५८.

फ्लोराबाई : डावीकडचा पहिला. मोठा कर त्याला. अजून. भुवईत खाच दिसते का गं?

नदीन : दिसते. कोण आहे हा?

फ्लोराबाई : लॉकी. माझा भाऊ.

नदीन : पण त्यांचा दगड तर मी दफनभूमीत पाहिलाय.

फ्लोराबाई : दगडच आहे, खाली कुणी नाही. सत्तावन्नच्या जूनमध्ये ऑलन मॅकरेबरोबर होडी घेऊन गेला. ऑलनचं प्रेत तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं. आमचा सापडलाच नाही.

नदीन : मग साल चुकलं असेल. असल्या संग्रहांत सर्रास चुकतं. म्हणून तर मी म्हणते, साल कशावरून ठरवलं तेही लिहायचं.

फ्लोराबाई : यांनी कशावरून ठरवलं?

नदीन : मागच्या ट्रकच्या नंबरपाटीवरून. तेव्हा पाटीवर साल छापलेलं असायचं. थांबा, बघते. हं. अठ्ठावन्नच आहे.

फ्लोराबाई : बघ.

नदीन : सारखा दिसणारा दुसरा कुणी असेल, फ्लोराबाई. भुवईत खाच काय, कुणालाही असते.

फ्लोराबाई : त्याच्या खांद्यावर हात कुणाचा आहे?

नदीन : त्या टोपीवाल्यांचा.

फ्लोराबाई : ते माझे वडील.

नदीन : म्हणजे त्यांना माहीत होतं?

फ्लोराबाई : आई जाईपर्यंत दर रविवारी जेवणाआधी लॉकीच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायची. बाबा 'आमेन' म्हणायचे. सगळ्यांत मोठ्यानं तेच म्हणायचे.

नदीन : पण का असं?

फ्लोराबाई : ऑलनच्या डोक्याला खोक पडलेली होती. खडक लागला असणार, असं पहिल्यांदा बाबाच म्हणाले, मग सगळा गाव म्हणायला लागला. आदल्या दिवशी धक्क्यावर त्या दोघांची जुंपली होती, ते कुणी काढलंच नाही.

नदीन : बंद करू का हे?

फ्लोराबाई : नको. मागची बाजू दाखव.

नदीन : शाईनं नावं लिहिलीत. डावीकडून पहिला... फ्लोराबाई, इथे 'ऑलन मॅकरे' लिहिलंय.

फ्लोराबाई : पुन्हा वाच.

नदीन : ऑलन मॅकरे. आणि खाली एका वाचकानं नोंद केलीय, गेल्याच महिन्यात. वाचू?

फ्लोराबाई : वाच.

नदीन : 'पहिले माझे आजोबा. टोपीवाले कोण, ते आजोबा सांगत नाहीत.'

फ्लोराबाई : 'सांगत नसत' असेल. नीट बघ.

नदीन : नाही. 'सांगत नाहीत' असंच आहे.

फ्लोराबाई : लॉकी अठ्ठ्याऐंशीचा असेल आता.

नदीन : इथे उत्तर लिहायला जागा आहे. काय लिहू?

फ्लोराबाई : काही नको लिहूस. माझा कोट दे. चर्चमागे पेगी मॅकरेकडे जाऊन येते.

नदीन : ऑलनच्या बहिणीकडे? आत्ता लगेच? आधी भावाशी तरी बोला.

फ्लोराबाई : त्यानं लावलंय ते नाव तिच्या घरचं आहे.