सोमवारचा भोंगा

वाघोडियाच्या केमिकल कारखान्यात यशश्रीचा आज पहिलाच दिवस. कंपनीच्या बसमध्ये तिच्या पुढच्या सीटवर दोघे कामगार बोलत होते. एक पिकल्या केसांचे, एक तरणा.

“काका, मी गेटवर उतरणार नाही. याच बसनं बडोद्याला परत जातो.”

“धवल, हात बघ किती गार पडलेत तुझे. पाय खाली घट्ट टेकव. आता श्वास सोड. हळू.”

“आज सोमवार आहे. दहाला भोंगा वाजणार.”

“चाचणीचा भोंगा तो. दर सोमवारी वाजतो.”

“त्या दिवशीही सोमवारच होता, काका. दहाच वाजले होते. सगळ्यांना चाचणीच वाटली.”

“माहीत आहे रे.”

“मला गॅसचा वास आला होता. तरी पाय हलेनात. समरजित समोर चहा पीत बसलेला. ‘पळ’ एवढंच ओरडलो असतो, तर आज तो या बसमध्ये असता.”

“भीतीनं अंग असं गोठतं. तो तुझा भित्रेपणा नव्हता. डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं ना?”

“आणि पुन्हा गोठलो तर?”

“म्हणून तर श्वास लांब सोडायचा. तो सुटला की पाय सुटतात. मग वर बघायचं, वारा कुठून कुठे चाललाय ते, आणि त्याला आडवं पळायचं.”

“तुम्हाला नाही वाटत भीती?”

“वाटते ना. म्हणून उतरल्याबरोबर रोज आधी वर बघतो.”

बस गेटाशी थांबली. यशश्री उतरली आणि तिनं वर पाहिलं. वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्ट्यापट्ट्यांची कापडी नळी उंच खांबावर सरळ खाली लोंबत होती.