निम्मा सुपरवायझर

नाही, मोबाइलमुळे नाही! किती वेळा सांगू? माझी मुलगी बोलत नाही ती मोबाइलमुळे नाही, मी कामाला जाते म्हणूनही नाही, आणि गरोदरपणी मी उभ्याने कापड कापलं म्हणून तर नाहीच नाही... पण तुम्हाला सांगते, पाच वर्षं मी हेच ऐकलं! आमची भिंगरी सात महिन्यांची झाली, मान धरेना, चूक कोणाची? माझी! तीन वर्षांची झाली, उभी राहीना, चूक कोणाची? माझी! मध्येच भात्यासारखा भराभर श्वास घ्यायची, मग श्वास बंद, ओठ निळे... आणि नणंदबाई दारातून म्हणतात, "वहिनी, लाडावून ठेवलंय तिला, नाटकं करते ती." नाटकं! ओठ निळे करून!

डॉक्टर तरी काय? एक म्हणाले, "थांबा, काही मुलं उशिरा बोलतात." दुसरे म्हणाले, "घरात तिच्याशी पुरेसं बोलत नसाल." मी? मी बोलत नाही? तुम्ही ऐकताय ना मला?

शेवटी जनुकांच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. चार महिन्यांनी बोलावणं आलं. मी आणि नवरा, दोघं खुर्चीच्या टोकावर. बाई म्हणाल्या, "टीसीएफ-फोर नावाचं एक प्रथिन असतं. मेंदू घडताना कुठलं जनुक कधी चालू, कधी बंद, हे ते बघतं."

"म्हणजे सुपरवायझर?" मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला आहे ना, मला तेच कळतं.

"अगदी! ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात. हिची एक बिघडलीय. म्हणून प्रथिन पुरेसं बनत नाही, जेमतेम निम्मं."

"आमचा सुपरवायझरही निम्माच वेळ जागेवर असतो हो, पण शर्ट तरी शिवून होतात!" असं निघून गेलं तोंडातून... आणि मग रडूच फुटलं.

बाईंनी पाणी दिलं. मी विचारलं, "मी उभी राहायचे दिवसभर, त्यामुळे?"

"नाही. तुम्हा दोघांत हा बिघाड नाही, तो तिच्यातच नव्याने झालाय. चूक कोणाचीच नाही."

नवऱ्याने हळूच विचारलं, "बरी होईल?"

"आज तरी त्यावर औषध नाही. पण शिकेल ती, तिच्या गतीने."

कोणाचीच नाही! एवढं ऐकायला पाच वर्षं! घरी आले, चपलाही न काढता रिपोर्ट टेबलावर आपटला. सासूबाई भिंगरीच्या केसांतून नुसता हात फिरवत राहिल्या. पण नणंद! चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि म्हणते कशी, "पण वहिनी, आमच्या घराण्यात असले टीसीएफ कधी नव्हते हो!"

मग मात्र मी सुटले! निळे ओठ, नाटकं, मोबाइल, सगळं एका दमात बाहेर काढलं, भांडी वाजायची तेवढी बाकी! नवरा खिडकीकडे बघतोय, नणंद भिंतीला चिकटलेली... आणि भिंगरी उठली. धरत धरत टेबलापाशी आली. काय हवं ते दाखवायला थेरपीच्या ताईंनी दिलेली चित्रांची कार्डं तिथे पडली होती, पाणी, भूक, पुरे. तीन महिने तिने त्यांना हात लावला नव्हता. तिने एक उचललं. हसत हसत आली आणि कार्ड हातात ठेवलं...

"पुरे."

पोरीचं आयुष्यातलं पहिलं बोलणं! आणि ते नणंदेला नाही हो, मला! काय करणार? बसले गप्प.