लाल रेघेवरचा चौकोन

माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे सर्व साहेब, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या आमच्या आलेखवाल्या मॅडम, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, नमस्कार. माझं शिक्षण अर्धवट. त्यात हा माइक शिट्टी मारतो आणि माझं लक्ष दाबाकडे जातं. बॉयलरवर जन्म गेला, दुसरं काय होणार?

मॅडमनी वाफेचा दाब संगणकाच्या पडद्यावर आणला. आलेखावर माउसचा बाण नेला, की छोटा चौकोन उघडतो आणि त्यात आकडा दिसतो. वर धोक्याची लाल रेघ. ती कामाप्रमाणे खालीवर होते, म्हणून नुसता आकडा वाचून भागत नाही. मला बारीक दिसेना, तेव्हा मॅडमनी आलेखाची अक्षरं मोठी केली. मी खूश. आणि पुढच्याच आठवड्यात दाब लाल रेघेवर गेला, झडप सुटली, काम बंद! मला लाल रेघ दिसलीच नव्हती.

साहेब म्हणाले, "काका, डोळे साथ देत नसतील तर गेटवर खुर्ची टाकून देतो." साहेब इथेच बसलेत, रागावू नका. पण गेटवर मी काय करणार? येणाऱ्या-जाणाऱ्यांची काळजी?

मॅडम माझ्या खुर्चीत येऊन बसल्या. बाण नेला, तर चौकोन एवढा मोठा उघडला की लाल रेघच झाकली गेली.

"काका, चौकोनाच्या अक्षरांबद्दल मी प्रोग्राममध्ये काहीच लिहिलं नव्हतं. त्याला वेगळं सांगितलं नाही, की तो आलेखाचंच माप उचलतो."

"म्हणजे पोरानं बापाचा सदरा घातला?"

"हो, आणि बाह्या लोंबतायत!"

मग साहेबांना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चूक काकांच्या डोळ्यांची नाही, माझ्या चौकोनाची आहे." असं किती जण म्हणतात हो?

काल मी विचारलं, "तुम्ही गेल्यावर कुणी आलेखाची अक्षरं आणखी वाढवली तर?"

"वाढवू द्या. चौकोनाला आता स्वतःचं माप आहे. तो आलेखाकडे बघणार नाही."

तरी मला घोर लागलाच, ते सोडा.

मॅडम, मी आभारी आहे. जिथे जाल तिथे सुखी राहा. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. जेवायला थांबत नाही, कुणी गैरसमज करू नये. साहेबांनी उद्याची पहिली पाळी बॉयलरवर मलाच लावली आहे.