आमचा मॉडेम आणि ह्यांचा संशय

...विझला! परत विझला! आणि तुम्हाला सांगते, मॉडेमचा दिवा विझला की आमच्या ह्यांच्या डोळ्यांत दिवे पेटतात. खुर्ची मागे, चष्मा कपाळावर, आणि पहिला प्रश्न कुणाला? मला! "तू आत्ता कशाला हात लावलास?" अहो, मी काजं करत बसलेय, हात लावीन कशाला? तर म्हणतात, "मी संशय घेत नाहीये. मी फक्त विचारतोय."

फक्त विचारतोय! अख्खा संसार झाला ह्या फक्त विचारण्यात.

झालं काय, मी ऑनलाईन शिवणकाम शिकवते, आणि कंपनीच्या मॉडेमचं वायफाय माझ्या मशीनपर्यंत पोचेना. मग ह्यांनी एक दणकट राऊटर आणला आणि मॉडेम टाकला ब्रिज मोडवर. ब्रिज मोड म्हणजे काय हो? "म्हणजे मॉडेमने आता डोकं चालवायचं नाही. फोनच्या तारेतून आलं ते राऊटरच्या हातात द्यायचं, बस्स. नाव, पासवर्ड, सगळा कारभार राऊटरचा." मी म्हटलं, अच्छा, नव्या सुनेसारखं! हसले नाहीत.

सुरुवातीला छान चाललं हो. मग भर दुपारी नेट जायला लागलं. आणि जातं कधी? मी वर्गाला सांगतेय, "बायांनो, बाहीची ही बाजू कापू..." — गेलं! 'नका' माझ्याजवळच राहिलं, आणि तिकडे सगळ्या जणींनी कात्री चालवली!

कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात, "सर, मॉडेम ब्रिजवर आहे, तर राऊटरवाल्यांना विचाराल का?" राऊटरवाल्याला विचारलं. तो म्हणतो, "काका, लाईनच पडतेय, कंपनीला विचारा." परत कंपनी. "सर, त्याच लाईनवर दुसरा एखादा फोन जोडलाय का? फिल्टर न लावता?" हे उखडले. "माझ्या घरात काय आहे ते मला माहीत आहे!" दाणकन फोन ठेवला. मग माझीच टाचणी घेऊन मॉडेमच्या पाठीत खुपसली. रीसेट! झालं, ब्रिज पुसला गेला, मॉडेम पुन्हा शहाणा झाला आणि राऊटरला दारात उभं करेना. तो सगळा दिवस कंपनीची मुलगी आणि हे, हे आणि कंपनीची मुलगी...

ब्रिज परत लागला. नेट परत जायला लागलं. आणि संध्याकाळी ह्यांनी आवाज खाली आणून मला सांगितलं, "डॉक्टर चोरतोय."

डॉक्टर म्हणजे शेजारचे दातांचे डॉक्टर. ह्यांचे जुने दोस्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटेच असतात. आमची त्यांची भिंत एक. मी म्हटलं, अहो, वायफाय चोरलं तर मॉडेमचा लाईनचा दिवा का विझेल? चोराने पाणी पळवलं म्हणून नळ भिंतीतून उपटून येतो का? पण ऐकतील तर शपथ! ह्यांच्या पडलेल्या दाढेच्या जागी बसवायचा नकली दात, त्यालाही ब्रिजच म्हणतात, तो अर्धा झालेला, तोंडाचा आ करून त्यांच्याच खुर्चीत आडवे, आणि तिथे विचारलं, "डॉक्टर, तुम्ही माझ्या घरातून काही पळवताय का?"

डॉक्टर लालबुंद! हातातला आरसा पडला म्हणे. "मी? तु... तुम्हाला कोण बोललं?"

हे तसेच घरी. "पाहिलंस? चोराच्या मनात चांदणं! आणि मी काही आरोप केला नव्हता, मी फक्त विचारलं होतं." म्हणजे मॉडेमचा ब्रिज धड नाही, तोंडातला अर्धवट, आणि इतक्या वर्षांची दोस्ती बंद. जेवताना एका बाजूने चावायचं आणि त्याच भिंतीकडे डोळे वटारून बघायचं.

दुसऱ्या दुपारी नेट गेलं, मी कंपनीला फोन लावायला हॉलमधला रिसीव्हर उचलला, तर आत आधीच बोलणं चाललेलं! पुरुषाचा आवाज, "दाढ अजून दुखते का हो?" आणि बाईचा आवाज, लाजून, "दाढ दुखत होती कधी?"

अगं बाई! वन्सं!

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर एकट्याच राहायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून नुकत्याच आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या होत्या. आणि त्या खोलीत कपाटामागे फोनचा जुना पॉइंट, माळ्यावर जुना फोन... मी मॉडेमकडे पाहिलं. दिवा गुल! रिसीव्हर असा ठेवला, जसं निजलेलं मूल ठेवावं.

आता ह्यांना सांगू? की नको सांगू? तेवढ्यात हे बूट चढवून तयार! "पोलिसात चाललोय. डॉक्टरची तक्रार करतो."

मागच्या दारातून काठी टेकत वन्सं आल्या. "बूट काढ. फोन मी जोडलाय. रोज दुपारी त्यांच्याशी मीच बोलते. लग्न करतोय आम्ही."

"मला का नाही सांगितलंस, ताई?"

"तू फक्त विचारत बसला असतास. मला उत्तरं द्यायची नव्हती रे, मला बोलायचं होतं."

हे मटकन बसले. मला वाटलं, आता रडतात का चिडतात... आणि म्हणाले काय?

"फिल्टर लावला होतास का?"

वन्सं आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग परत हसल्या. हे तडक शेजारी गेले, माफी मागायला. येताना दाढेचा ब्रिज पूर्ण! भूल दिल्यामुळे तोंड वाकडं, त्यामुळे माफी नेमकी कशी मागितली ते डॉक्टरांनाही कळलं नाही म्हणतात.

फिल्टर लावला. एवढीशी डबी हो ती, फोनचं बोलणं आणि इंटरनेट एकमेकांच्या पायात येऊ देत नाही. आता नेट एकदाही जात नाही, माझ्या वर्गाच्या बाह्या सरळ. आणि हे? दुपारी मॉडेमसमोर खुर्ची टाकून त्या हिरव्या दिव्याकडे एकटक! मी म्हटलं, अहो, आता काय बिघडलं?

"काही नाही गं. आधीसारखा दिवा विझला असता तर कळलं तरी असतं, दोघं बोलतायत म्हणून. आता कसं कळणार?"

मी म्हटलं, बहीण मागच्या खोलीत आहे, जा की विचारायला!

तर आवाज एकदम बारीक. "बरं दिसतं का ते? ...तू विचार ना."