न्येपीच्या दिवशी हँडल

...आणि वर मलाच विचारतात, "देक, तू तर कॉलेज शिकलास, तुला एक हँडल बसवता येईना?" आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा! मी सिंगराजा शहरात जाऊन शिकलो ते समाजशास्त्र. त्यात गाव होतं, गावाची परंपरा होती, परंपरेचा ऱ्हास होता, ऱ्हासावरचे उपाय होते... हँडल नव्हतं. आणि हँडल तरी कसलं? देवळाचं नाही, राजवाड्याचं नाही, आमच्या बाथरूमचं. हँडल हो, साधं दाराचं हँडल! पण अख्ख्या बाली बेटावर ज्या दिवशी जो तो श्वाससुद्धा जपून घेतो, नेमक्या त्या दिवशी... थांबा, आधी जुन्या हँडलचं सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. माझी बाजू कोणी ऐकूनच घेत नाही.

तर जुनं हँडल. दार फणसाच्या लाकडाचं, जाडजूड, आजोबांनी बसवलेलं, त्यातलं कुलूपही त्यांच्याच काळातलं. हँडल इतकं झिजलेलं की ते फिरवून दार उघडत नसे, त्याला पटवावं लागे. मेमे, म्हणजे माझी आई, त्याच्याशी बोलायची. "चल रे बाबा, चुलीवर भात आहे," असं म्हटलं की उघडायचं. बापा, म्हणजे वडील, हँडल वर उचलून दाराला गुडघा द्यायचे. मी आधी डावीकडे, मग उजवीकडे. पाहुणा आला की कॉफीच्या आधी त्याला हँडल शिकवायचं, आणि तरी तो आत गेला की आम्ही गप्पा थांबवून कान देऊन बसायचो, की येतोय का बाहेर...

मेमे म्हणाली, नवं आण, कुलपासकट आण. इथं माझं तत्त्व आडवं आलं. चांगलं कुलूप फेकायचं? का? झिजलं हँडल आणि शिक्षा कुलपाला? ही वापरा-आणि-फेका वृत्तीच आपल्या समुद्रात जाते आणि भरतीबरोबर परत आपल्या दारात येते, असं मी मेमेला समजावलं, बराच वेळ समजावलं, अगदी आकडेवारीसकट. मेमे केळीच्या पानांचे द्रोण करत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "नवी सून, जुनी सासू. बघ बाबा."

मी फक्त हँडल आणलं.

आणून बघतो तर मेमे भिंतीवरच्या पंचांगापुढं उभी. आमच्या पंचांगात प्रत्येक कामाला दिवस आहे, बांबू तोडायला वेगळा, जाळं विणायला वेगळा, डुकराचं कुंपण घालायला वेगळा. "आज दाराचा दिवस नाही," मेमे म्हणाली. मी म्हटलं, मेमे, स्क्रू पंचांग वाचत नाहीत. आणि मला वेळ होता कुठं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांबू-कागदाच्या राक्षसाची मिरवणूक, त्याच्या दुसऱ्या दिवशी न्येपी, आळीच्या तरुण मंडळाचा प्रमुख मी, आणि आमच्या राक्षसाचा डावा हात अजून खांद्यावरून लोंबत होता! घाईघाईनं बसवायला घेतलं, तर हँडलमधून जी चौकोनी सळई आरपार जाते ना, ती नवी सळई जुन्या कुलपाच्या भोकात सैल. इतकी सैल की हँडल फिरतंय याचा कुलपाला पत्ताच नाही. मग मी सरबताच्या डब्याचा पत्रा कापला, दुमडला, सळईभोवती गुंडाळला आणि दिला ठोकून. लोण्यासारखं फिरायला लागलं! बापांनी येऊन दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आणि काही न बोलता बदकांना दाणे घालायला गेले. बापा काही बोलले नाहीत, याचा अर्थ त्यांच्याकडून सुवर्णपदक.

आता तुम्ही म्हणाल, बसलं ना, मग रडतोस कशाला? सांगतो. त्यासाठी थोडं मागं, आळीच्या सभेत जायला हवं.

न्येपी म्हणजे नव्या वर्षाचा पहिला दिवस, मौनाचा. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत चार गोष्टी बंद. आग नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही, करमणूक नाही. विमानंसुद्धा उतरत नाहीत हो! आणि आमच्या आळीत काय चालायचं? बंद खिडक्यांआडून अंडी तळल्याचा वास. गादीखालून फुटबॉलचा सामना. मागल्या वर्षी तर शेजारच्या घरातून रात्रभर पत्त्यांची भांडणं ऐकू येत होती, कुजबुजीत! म्हणून मी सभेत उठलो, तासभर बोललो, आणि ठराव मांडला, की या वर्षी न्येपी खरी पाळायची, आणि जो नियम मोडताना सापडेल त्यानं पुढच्या सभेत सगळ्यांसमोर हात जोडून उभं राहायचं. विरोध कोणी केला नाही. तळलेल्या अंड्याच्या बाजूनं भाषण कोण करणार? पहिल्या रांगेत बसलेले बापा मात्र माझ्याकडं असे बघत होते, जणू एखाद्या पिल्लानं अंड्यातून डोकं बाहेर काढताक्षणी बदकांच्या जातीला उपदेश सुरू करावा. पाक सुतेजा, म्हणजे सुतेजाराव, आमच्या गस्तवाल्यांचे म्होरके (न्येपीला बाहेर फिरायची मुभा फक्त गस्तवाल्यांना), भरघोस मिशीचे आणि बारीक आवाजाचे, त्यांनी फक्त विचारलं, "जो म्हणजे कोणीही?" मी म्हटलं, कोणीही. ठराव पास.

न्येपी उजाडली. अहाहा, काय शांतता! कुत्रीसुद्धा गोंधळून रस्त्याच्या मधोमध बसलेली. मेमे ओसरीवर चटई टाकून पडली होती. मी ध्यानाला बसलो होतो... म्हणजे डोळे मिटून आळीत कोण काय करतंय ते ऐकत होतो. बापा उठले, बाथरूममध्ये गेले. गेले ते गेलेच. माझं ध्यान चांगलं लागायला आलं, आणि आतून आवाज यायला लागला. टिक्... टिक्... टिक्... सायकलचं पायडल उलटं फिरवल्यासारखा.

"देक." दाराआडून कुजबुज. "हे नुसतं फिरतंय."

मी बाहेरून फिरवलं. बाहेरूनही नुसतं फिरतंय! पत्रा निसटला होता, सळई आत मोकळी, खिटी जागची हलेना. दोन्हीकडून आम्ही बापलेक फिरवतोय, मध्ये ते कुलूप ढिम्म! हँडल हो, साधं दाराचं हँडल! आणि मी म्हणणार होतो, की बापा, काळजी करू नका, नवा पत्रा दुमडतो, क्षणात काढतो... तेवढ्यात वास आला. लवंगेचा. आणि वरच्या झरोक्यातून निळसर धुराची एक रेघ, अगदी सावकाश, आळस देत बाहेर पडली.

सिगारेट! न्येपीच्या दिवशी, माझ्या घरात, माझ्या ठरावाच्या वर्षी, पेटवलेली लवंगी सिगारेट!

बघा आता माझी अवस्था. दार उघडावं, तर ते काम, म्हणजे नियम मी मोडला. आणि उघडून बाहेर काय काढायचं? गुन्हेगार! ज्यांच्याकडं अख्खी आळी लग्नाचे, वाटणीचे, भांडणाचे सल्ले घ्यायला येते, ते माझे बापा, सभेत, हात जोडून, पोराच्या ठरावापायी. बरं, लपवावं, तर मग तो ठराव मी कोणासाठी केला, शेजाऱ्यांसाठी? समाजशास्त्रात याला उत्तर असतं. तीन पानी असतं. पण तिथं उभं राहून वाचायला वेळ नसतो.

मेमे चटईवरून उठून आली. नाक वर करून तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि कुजबुजत्या आवाजात सुरू झाली. कुजबुजत्या आवाजात माणूस इतका वेळ बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. नव्या सुनेपासून सुरुवात झाली, मग पंचांग, मग सिंगराजा, मग मी सात महिन्यांचा असताना कसा रडायचो ते, आणि शेवटी म्हणाली, "उघड." मी म्हटलं, मेमे, काम वर्ज्य आहे. तिनं फक्त बघितलं. मी पत्रा शोधायला गेलो. तत्त्व एका बाजूला आणि मेमेचं बघणं एका बाजूला, तुम्ही काय केलं असतंत?

तर मी दारापुढं उकिडवा बसलेला, हातात पत्रा, तोंडात स्क्रू, बाहेरचं हँडल काढून मांडीवर... आणि समोर दोन अनवाणी पाय. वर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र. त्याच्या वर मिशी.

पाक सुतेजांनी माझ्याकडं बघितलं. झरोक्याकडं बघितलं. दोन्हीकडं बघून झाल्यावर बारीक आवाजात विचारलं, "कोणाची?"

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. परीक्षेत नाही, मुलीशी नाही, वर्गणी गोळा करताना नाही. पण स्क्रू तोंडातून काढला आणि म्हटलं, "माझी."

"तू बाहेर," पाक सुतेजा म्हणाले, "धूर आत. चांगलीच लांब सिगारेट ओढतोस, देक."

मेमे आभाळाकडं बघायला लागली. पाक सुतेजा वाकले, दाराला कान लावला आणि अगदी आदबीनं विचारलं, "आत कोण आहे?"

मग बापांचा आवाज, स्पष्ट, शांत. "कोणी नाही."

पाक सुतेजांनी मान डोलावली. माणूस काय विचार करतोय ते मिशीमुळं कळत नाही हो! मग मला म्हणाले, "आत कोणी नाही. मग दार कशाला उघडतोस? आज काम बंद आहे. ठराव कोणाचा?" आणि त्यांनी माझ्या हातातला पत्रा काढून घेतला, मांडीवरचं हँडल घेतलं, दोन्ही नीट पायरीवर ठेवलं आणि स्वतः तिथंच, झरोक्याच्या बरोबर खाली, बसले. गस्त म्हणे! डोळे मिटले, आणि काय श्वास घेतला, काय श्वास घेतला... फुप्फुसात त्या दिवशी जागा उरली नसेल. आतून दुसरी पेटली. नंतर बहुधा तिसरी. तेव्हा कुठं ते उठले, मेमेला नमस्कार केला आणि पुढच्या घराकडं गेले.

झालं! बापा आत. आणि मेमेचं बोलणंच बंद, म्हणजे माझ्याशी. तिनं तांदळाचे उंडे आणि केळी झरोक्यातून आत सोडली, चटई गुंडाळून सोडली, उशी सोडली. उशी अडकली, ती मी काठीनं ढकलली. ते काम धरायचं का नाही, यावर मी अजून विचार करतोय. दर थोड्या वेळानं मी दाराशी जायचो, कुजबुजायचो, "बापा, काही हवं?" आतून उत्तर, "इथं कोणी नाही." हँडल हो, साधं दाराचं हँडल, आणि बाप पोराला ओळख देईना!

दुसऱ्या सकाळी मौन सुटल्या क्षणी मी धावलो. पत्रा दुमडला, सळईला गुंडाळला, हँडल चढवलं, फिरवलं. खट्. उघडलं. मी डोळे मिटून उभा, आता बसतील दोन. काहीच नाही. डोळे उघडले तर बापा समोर, चेहरा असा निवांत, असा धुतलेला, जसा डोंगरावर तप करून माणूस खाली उतरावा. आणि मी मनात हिशोब मांडला तर काय? दिवसभर काम नाही, एक पाऊल बाहेर नाही, करमणूक नाही. अख्ख्या आळीत माझे नियम सगळ्यांत कडक कोणी पाळले असतील, तर ते बापांनी! आगीचं सोडा.

पुढची सभा भरली. पाक सुतेजा म्हणाले, आळीत सगळं शांत होतं, तक्रार नाही. मी उठून उभा राहिलो. राहायलाच हवं, खरं ते खरं, मग बाप असो की कोणी. पहिल्या रांगेत बापा आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. केस किती पांढरे झालेत, ते मला वरून पहिल्यांदाच दिसलं. पाक सुतेजा म्हणाले, "बोल, देक." आणि मी म्हटलं, की... पुढच्या वर्षी तो हात जोडून उभं राहायचा नियम नको ठेवू या. टाळ्या! अशा टाळ्या की कोंबड्या उडाल्या. माझ्या कुठल्याच ठरावाला आजवर टाळ्या पडल्या नव्हत्या.

घरी येताना मी बापांना म्हटलं, चुकलो, आजच कुलपासकट नवं आणतो, तत्त्व गेलं खड्ड्यात. बापा थांबले.

"हात लावून तर बघ," म्हणाले.

का, ते तेव्हा कळलं नाही. आता कळलंय. आतून कडी लावली तर मेमे दार बडवते. पण हँडलच बिघडलं तर माणसाला काय बोलणार? पत्रा कसा काढायचा आणि कसा घालायचा, हे आता त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. रोज सकाळी आत जातात, आणि थोड्या वेळानं टिक्... टिक्... टिक्... "देक, नुसतं फिरतंय रे हे." झरोक्यातून लवंगेचा वास. आणि बाहेर आम्ही, मी, मेमे, आला असेल तर पाहुणा, खांद्यावर टॉवेल टाकून, एका ओळीत... अगदी मौनात.