डिसीज्ड

दवाखान्याच्या खिडकीपुढची रांग हलेना, म्हणून शिलाईवाली पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं खिडकीतल्या कारकुनाशी चाललेलं बोलणं ऐकू लागली. तिचे कान जन्माचेच तिखट.

"आजोबा, तुमचं औषधाचं कार्ड बंद झालंय. यंदाच्या फॉर्मवर 'डिसीज्ड' लिहिलंय."

"मग बरोबरच आहे की. डिसीज्ड म्हणजे आजारी. दोन वर्षं दम लागतोय यांना."

"आजी, ते डिसीज्ड वेगळं. ऐकायला सारखंच, पण स्पेलिंग दुसरं. इथं लिहिलंय त्याचा अर्थ वारलेले."

"अगंबाई! अहो, धडधडीत उभे आहेत ना तुमच्यासमोर!"

"मला दिसतायत हो. कॉम्प्युटरला नाही दिसत. फॉर्म भरला कुणी?"

"आमच्या मुलानं. नोकरीला परगावी असतो, तिकडूनच भरून पाठवला. घाईत असतो बिचारा, झाली असतील दोन अक्षरं इकडची तिकडं."

"मग त्यांनाच इथं येऊन लिहून द्यावं लागेल, वडील हयात आहेत म्हणून."

"येईल की. बोलावते ना मी."

"शेवटचे कधी आले होते?"

"यांच्या ऑपरेशनला येणार होता. रजाच मिळाली नाही हो."

"असू दे आजी, रडू नका. चूक कुणाचीही होते. इंग्रजी जरा कच्चं असेल त्यांचं."

इतका वेळ खिडकीचा गज धरून उभे असलेले आजोबा पहिल्यांदाच बोलले.

"इंग्रजीच शिकवतो तो, साहेब. कॉलेजात."